टाके पिकू नयेत म्हणून

ऑपरेशनच्या आदल्या रात्री दाढीचं ब्लेड पोटावर फिरवू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा आणि घरात ज्याचं ऑपरेशन ठरलंय त्याला सांगा. कारण परवा परत एक काका आले हर्नियासाठी, सकाळी सकाळी ॲडमिट झाले, गाऊन घालायला गेले तर पोट बेंबीपासून खाली एकदम चकाचक, आणि त्यावर बारीक बारीक लाल रेघा, दोनतीन ठिकाणी रक्ताचे ठिपके सुकलेले. काका हे कोणी करायला सांगितलं, तर म्हणे "कोणी नाही, भावाच्या वेळी केलं होतं ना, म्हटलं सिस्टरना कशाला त्रास." मागून काकी म्हणतात, "मी सांगत होते यांना, निदान नवीन ब्लेड तरी घ्या." म्हणजे ब्लेड जुनं होतं!

दिसणाऱ्या रेघा सोडा, न दिसणारं खरचटणं त्याहून जास्त असतं, आणि रात्रभरात आपल्याच कातडीवरचे जंतू त्यात मुक्काम ठोकतात. सकाळी आम्ही वरून कितीही औषध लावलं तरी आत बसलेल्यांपर्यंत ते नीट पोचत नाही. आणि हे काही काल कळलेलं नाही. सेरोपियन आणि रेनॉल्ड्स या दोघांनी १९७१ साली मोजून दाखवलं की वस्तऱ्यानं केस काढलेल्यांपैकी ५.६ टक्के लोकांच्या जखमा पिकल्या, आणि ज्यांचे केस क्रीमनं काढले किंवा काढलेच नाहीत त्यांच्यात हा आकडा ०.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तर सरळ लिहिलंय की केस काढूच नका, अगदीच आडवे येत असतील तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं कापा, वस्तरा कधीच नाही, वॉर्डातही नाही आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरातही नाही. तरी आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी 'पार्ट प्रिपरेशन', म्हणजे ऑपरेशनची जागा तयार करणं, म्हटलं की ट्रेमध्ये पहिलं ब्लेडच येतं. आदल्या रात्री किंवा सकाळी साबण लावून स्वच्छ आंघोळ करा, बस. साधा साबणसुद्धा चालतो.

मी बरीच वर्षं स्क्रब नर्स, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं देणारी सिस्टर होते, आता इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते, गोव्यातल्याच एका हॉस्पिटलात, कुठल्या ते विचारू नका. इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणजे काय हे घरच्यांनाही धड माहीत नाही, आई सगळ्यांना सांगते की हिला आता ऑफिसात बसवलंय. तर माझ्या कामातला एक मोठा भाग म्हणजे फोन. ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी गेल्यावर फोन करायचा आणि जखमेची चौकशी करायची, तीस दिवसांपर्यंत, आणि आत काही बसवलं असेल, म्हणजे गुडघा, खुबा, हर्नियाची जाळी, तर नव्वद दिवसांपर्यंत. कारण टाके बहुतेक वेळा हॉस्पिटलात पिकतच नाहीत, घरी गेल्यावर पिकतात. आणि फोन अर्धा कोकणीत अर्धा मराठीत साधारण असा होतो:

"काकी, जखम कशी आहे?"
"बरी आहे गो."
"पाणीबिणी येतं का त्यातून?"
"नाही नाही. म्हणजे परकराला डाग पडतो थोडासा."
"कधीपासून?"
"झाले की आठेक दिवस. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, आता कमी आहे. तुमच्या सरांना सांगू नको हां, त्यांना वाईट वाटेल."

बघा म्हणजे. हे झालं इन्फेक्शन, आणि मी फोन केला नसता तर सर्जनला आयुष्यात कळलं नसतं. पेशंट पेडण्याचा, ऑपरेशन पणजीत, पू आला म्हणून परत दीड तास बसमधून कोण येणार, जवळचा डॉक्टर बघतो, गोळ्या देतो, विषय संपला. आणि इकडे सर्जन छातीठोकपणे सांगतात की आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही. सर, होतं, मोजत कोणी नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या अकरा जणांना असं इन्फेक्शन होतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मग ते अकरा काय फक्त दुसऱ्याच्या हॉस्पिटलात असतात का. कॅनडात कॅल्गरीला क्रूज आणि फोर्ड यांनी दहा वर्षं बसून ६२,९३९ जखमा मोजल्या, १९८० साली छापलं, आणि प्रत्येक सर्जनला त्याचा स्वतःचा आकडा दाखवला. आपला आकडा समोर आला की माणूस आपोआप नीट वागायला लागतो, यात काही मोठं विज्ञान नाही. मी आमच्याकडे दर महिन्याला कागद लावते, त्या दिवशी दोनचार जण माझ्याशी बोलत नाहीत. चालायचंच.

आता अँटिबायोटिक. यावरून तर घरोघरी भांडणं आहेत. माझीच केरीची मामी. मामाचं हर्नियाचं ऑपरेशन सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डावर झालं आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "बाय, एकूच इंजेक्शन दिलां गो तुमच्या डॉक्टरान! शेजारच्या भाऊंना सात दिवस सलाईनमधून चालू होतं. दीनदयाळ कार्डावर केलं म्हणून हात आखडला काय?" मी म्हटलं मामी, त्या डॉक्टरांच्या पाया पड, त्यांनी पुस्तकातलं बरोबर केलंय.

गोष्ट अशी आहे की हे इंजेक्शन जखम बरी करायला नसतंच. चाकू लागतो त्या क्षणी कातडीवरचे थोडे जंतू आत जाणारच, कितीही पुसलं तरी, आणि ते आत जाताना औषध तिथल्या मांसात आधीच हजर पाहिजे. नंतर सात दिवस देणं म्हणजे भिजून घरी आल्यावर छत्री उघडणं. क्लासेन म्हणून अमेरिकन डॉक्टर, त्यांनी यूटामध्ये २,८४७ पेशंट बघितले, १९९२ साली छापून आलं. चीर देण्याच्या आधीच्या दोन तासांत ज्यांना डोस मिळाला त्यांच्यात इन्फेक्शन ०.६ टक्के. ज्यांना चीर दिल्यावर तीन तासांहून उशिरा मिळाला त्यांच्यात ३.३. आणि ज्यांना दोन तासांहूनही फार आधी देऊन ठेवला त्यांच्यात ३.८! म्हणजे उशिरा देणं जितकं वाईट तितकंच घाईनं देऊन ठेवणं वाईट.

आणि आपल्याकडे नेमकं हेच व्हायचं. लिस्टवर केस आठची, म्हणून वॉर्डातली सिस्टर बिचारी सकाळी सहाला इंजेक्शन देऊन मोकळी, चार्टवर सही, सगळं व्यवस्थित. मग आधी एक इमर्जन्सी सिझेरियन घुसतं, मग भूलतज्ज्ञ दुसऱ्या हॉस्पिटलातून यायचे असतात, मग सी-आर्म, म्हणजे ओटीतलं एक्स-रे मशीन, बंद पडतं, आणि केस लागते साडेअकराला. तोपर्यंत औषध शरीरातून बरंचसं निघून गेलेलं. कागदावर मात्र दिलंय. म्हणून आता आमच्याकडे वॉर्डात द्यायचंच नाही, पेशंट टेबलावर आला, भूल द्यायची तयारी झाली की भूलतज्ज्ञच देतात आणि भिंतीवरच्या बोर्डावर वेळ लिहितात, आणि चीर देण्याआधी सगळे थांबून चेकलिस्ट वाचतात तेव्हा तो प्रश्न मोठ्यानं विचारायचा, अँटिबायोटिक गेलं का, किती वाजता. सेफाझोलिनसारखं साधं औषध असेल तर चीर देण्याआधीच्या साठ मिनिटांत, ऑपरेशन चार तासांच्या वर गेलं किंवा रक्त फार गेलं तर परत एक डोस, आणि टाके घातले की बंद. ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढायची नळी, असला तरी बंद. सिझेरियनलासुद्धा चीर देण्याआधीच, पूर्वी नाळ कापल्यावर द्यायचे बाळाला औषध जाऊ नये म्हणून, ते आता मागे पडलं. पुढे सात दिवस देत राहिल्यानं जखम पिकायचं कमी होत नाही, पोट मात्र बिघडतं आणि त्या औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे तयार होतात. अर्थात आधीच पू असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे ते औषधोपचार म्हणूनच चालू ठेवतात, त्यामुळे शेजाऱ्याला सात दिवस दिलं म्हणजे चुकलंच असंही नाही, त्याचं काय होतं ते आपल्याला कुठे माहीत.

मामीला पटलं नाही. तिनं मामांना हळदीचं दूध चालू केलं. द्यायला माझी काही हरकत नव्हती, फक्त हळद जखमेवर लावू नको एवढं तीनदा सांगितलं.

साखरेचं मात्र खरंच मनावर घ्या, विशेषतः आपण गोयंकारांनी. आयसीएमआर-इंडियाबचा मोठा अभ्यास २०२३ साली आला त्यात डायबेटिसमध्ये सगळ्या राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के. म्हणजे माझ्या ओटीच्या लिस्टवर चार मोठी माणसं असतील तर त्यातल्या एकाला साखर आहे असं धरूनच चालावं लागतं, आणि त्याला स्वतःला ते माहीत असेलच असं नाही. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी आळशी होतात, जखम भरत नाही आणि जंतूंना मोकळं रान. मोतीबिंदू असो की गुडघा, ठरलेलं ऑपरेशन असेल तर दोनतीन महिने आधी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, बघून घ्या, आणि सर्जन म्हणाले की साखर खाली आणा मग करू, तर "हे डॉक्टर तारीखच देत नाहीत" म्हणून दुसरीकडे जाऊ नका. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतरही साखर २०० च्या खाली ठेवायची असते, आणि ज्यांना डायबेटिस नाही त्यांचीसुद्धा ऑपरेशनच्या ताणानं वाढते, म्हणून आम्ही बोटं टोचत बसतो, चिडू नका. सिगरेट-बिडी निदान चार आठवडे आधी बंद, त्यावर जास्त लिहित नाही, ऐकणारे ऐकतात.

ओटीच्या आत काय चालतं ते पेशंटला दिसत नाही, तेव्हा थोडं सांगते. पहिलं थंडी. लोक म्हणतात ओटीत इतका गारठा कशाला, जंतू मरावेत म्हणून ना? नाही हो, गाऊन-ग्लोव्ह-मास्क घालून लाइटखाली उभ्या असलेल्या सर्जनला घाम येऊ नये म्हणून. पेशंट मात्र पातळ गाऊनमध्ये, उपाशी, आणि भूल दिली की शरीर स्वतःची ऊब धरून ठेवत नाही. १९९६ साली कुर्झ, सेसलर वगैरेंनी आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटवर बघितलं, ज्यांना उबदार ठेवलं, ३६.६ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यांच्यात इन्फेक्शन ६ टक्के, आणि जे ३४.७ पर्यंत गार पडले त्यांच्यात १९. गार पडलं की कातडीतला रक्तपुरवठा आखडतो, तिथे ना ऑक्सिजन पोचत ना पेशी. यानंतर जगभर गरम हवेच्या ब्लँकेटांचा वापर वाढला. आणि मला यातली आवडणारी गोष्ट पुढेच आहे, ह्याच सेसलरनी नंतर पाच हजारांहून जास्त पेशंटवर, बहुतेक चीनमधले, परत अभ्यास केला, २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, की ३५.५ ऐवजी अगदी ३७ पर्यंत तापवत ठेवलं तर अजून फायदा होतो का. नाही झाला. म्हणजे गार पडू द्यायचं नाही हे खरं, पण थर्मामीटर घेऊन ३७ च्या मागे धावायचीही गरज नाही. स्वतःच्या गाजलेल्या निकालाला स्वतःच मर्यादा घालून दाखवायला धाडस लागतं, एव्हिडन्स-बेस्ड म्हणतात ते हे, नाहीतर आपल्याकडे एकदा पाठ केलं की रिटायर होईपर्यंत तेच.

दुसरं, कातडीला लावायचं औषध. इथे क्लोरहेक्सिडीनवाले आणि बेटाडीनवाले असे दोन पक्ष आहेत आणि निवडणुकीसारखं भांडतात. २०१० साली दारूइश यांचा अभ्यास आला, ८४९ पेशंट, अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन लावलेल्यांत इन्फेक्शन ९.५ टक्के, पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे बेटाडीन, लावलेल्यांत १६.१, झालं, सगळे तिकडे पळाले. पण त्यातलं आयोडीन पाण्यातलं होतं, तेव्हा जिंकलं कोण, क्लोरहेक्सिडीन की अल्कोहोल? नंतर २०२४ साली स्वित्झर्लंडच्या अभ्यासात दोन्ही अल्कोहोलमधली घेतली तर आयोडीन काही कमी पडलं नाही. जागतिक आरोग्य संघटना अजूनही अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीनच सुचवते, आम्हीही तेच वापरतो, पण माझं मत विचाराल तर बाटलीवरून भांडण्यापेक्षा ती वाळू द्या. इथेच सगळे घाई करतात. अल्कोहोल वाळायला निदान तीन मिनिटं लागतात, जंतू मरतात ते त्या वेळात, आणि ओलं असताना वरून कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायचं विजेचं हत्यार, लावली तर भडका उडू शकतो, असे अपघात खरोखर झालेत. पण तीन मिनिटं हात वर धरून उभं राहणं सर्जनला तीन तासांसारखं वाटतं. एक सीनियर सर आहेत आमच्याकडे, ते गॉजनं पुसूनच टाकायचे, "झालं सिस्टर, वाळलं." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून गप्प उभी राहायचे, पेशंटवर पसरायचं निर्जंतुक कापड, म्हणजे ड्रेप, हातात, द्यायचाच नाही. आता स्वतःच विचारतात, वेळ झाली का गं?

हातांचंही तसंच आहे. ब्रशनं घासघासून हात सोलवटून काढणं म्हणजे चांगलं स्क्रबिंग, ऑपरेशनआधीचं हात धुणं, असं आमच्या ट्रेनिंगच्या काळात शिकवलं. फ्रान्समध्ये २००२ साली ४,३८७ पेशंटवर बघितलं तर अल्कोहोलचा हँडरब आणि पारंपरिक स्क्रब यात इन्फेक्शनचा फरकच नाही, २.४४ आणि २.४८, आणि हँडरब लोक जास्त नीट पाळतात कारण वेळ कमी लागतो. सेमेलवाइसनं व्हिएन्नात डॉक्टरांना हात धुवायला लावले ते १८४७ साली, म्हणजे आपलं पणजीचं मेडिकल स्कूल, आताचं गोवा मेडिकल कॉलेज, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठं आहे, १८४२ चं. आणि हात धुण्यावर मीटिंगा आजही चालूच आहेत.

पोटाच्या ऑपरेशनात अजून एक गोष्ट, आणि ही इतकी स्वस्त आहे की मला कळत नाही सगळीकडे का करत नाहीत. आतडं उघडून काम झालं, आता पोट बंद करायचं, त्या आधी सगळ्यांनी ग्लोव्ह बदलायचे आणि टाके घालायला वेगळी, न वापरलेली हत्यारं घ्यायची. चीता नावाचा ट्रायल, २०२२ साली लॅन्सेटमध्ये आला, भारत धरून सात देश, ८१ हॉस्पिटलं, १३,३०१ पेशंट, आणि इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. आमच्याकडे आता क्लोजिंगचा छोटा सेट वेगळा बांधतो, नीडल होल्डर, टूथ्ड फोर्सेप, दोन आर्टरी, कात्री, आणि तो बाजूच्या ट्रॉलीवर झाकून ठेवतो, काउंट, म्हणजे गॉज-हत्यारांची मोजणी, झाल्यावरच उघडायचा. सुरुवातीला स्टोअरवाल्यांनी कुरकुर केली, ग्लोव्ह जास्त लागतात म्हणून. एका पिकलेल्या पोटाच्या ड्रेसिंगला महिनाभर किती ग्लोव्ह लागतात ते त्यांना दाखवलं, मग गप्प.

याच्या उलट ज्याचा भारी थाट असतो त्या गोष्टी बघा. रविवारी ओटी बंद करून फॉर्मलिनचं फ्युमिगेशन, पोटॅशियम परमँगनेट टाकून धूर काढायचा, दारं चिकटपट्टीनं सील, सोमवारी सकाळी सगळ्यांचे डोळे चुरचुरतात आणि वाटतं काय जबरदस्त सफाई झाली. फॉर्मल्डिहाइडनं कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे, आणि या धुरानं टाके पिकायचे कमी होतात याला पुरावा नाही. दोन केसमध्ये टेबल, लाइटचं हँडल, जमीन नीट ओल्या फडक्यानं डिसइन्फेक्टंट लावून पुसणं यानं जे होतं ते धुरानं होत नाही, पण पुसणाऱ्या अटेंडंटकडे कोण बघतो, फ्युमिगेशनचा मात्र रजिस्टर असतो. दारातल्या चिकट मॅट, दर महिन्याला भिंतींचे स्वॅब लॅबला पाठवणं, हेही त्यातलंच. तेवढे पैसे ओटीचा दरवाजा विनाकारण उघडू नये म्हणून आत एक फोन बसवायला वापरा.

हत्यारांबद्दल लिहायलाच पाहिजे कारण आपल्या देशात दुर्बिणीच्या ऑपरेशनमागे एक खास दुखणं लागलेलं आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, टाके मस्त सुकतात, पेशंट खूश, आणि तीनचार आठवड्यांनी बेंबीजवळच्या भोकापाशी एक गाठ येते, मग ती फुटते, पाण्यासारखं येत राहतं, नेहमीची अँटिबायोटिक घेऊन काही होत नाही, साधं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, केलं तर रिपोर्ट कोरा. हे बहुतेक वेळा टीबीच्या जंतूंचे चुलत भाऊ असतात, अटिपिकल मायकोबॅक्टेरिया, पाण्यात राहणारे. कसे येतात? दुर्बिणीची काही हत्यारं उष्णता सोसत नाहीत म्हणून ग्लुटराल्डिहाइड नावाच्या जंतुनाशकात बुडवून ठेवतात. वीस मिनिटं बुडवली तर ती निर्जंतुक होत नाहीत, त्याला दहा तास लागतात, पण दिवसाला सहा केस आणि सेट दोन असतील तर वीस मिनिटांतच बाहेर काढतात आणि वर नळाच्या किंवा उकळलेल्या पाण्यानं खळबळतात. शिवाय हत्यार न सोडवता बुडवलं तर सांध्यात रक्त-चरबी तशीच. मग पेशंटला महिनोन् महिने क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या गोळ्या, कधी ती जागा परत कापून काढावी लागते. उपाय माहीत आहेत, प्रत्येक हत्यार पूर्ण सोडवायचं, ब्रशनं आतून धुवायचं, सुकवायचं, जे सोसेल ते ऑटोक्लेव्हलाच, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या मशीनलाच टाकायचं आणि जे सोसत नाही ते ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्मा या कमी उष्णतेच्या मशीनमध्ये.

ऑटोक्लेव्हच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे झालं असंही नाही. ती वरची टेप फक्त एवढंच सांगते की पॅक गरम जागेत जाऊन आला, आतपर्यंत वाफ पोचली का हे पॅकच्या मधोमध ठेवलेली पट्टी सांगते, आणि जंतू खरंच मेले का हे बघायला उष्णता सोसणाऱ्या जंतूंचे बीजाणू असलेली छोटी कुपी लागते. आणि आपल्या गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत वेगळीच मारामारी. हवेत इतका दमटपणा की कपाटातले चामड्याचे बूट पांढरे होतात, मग स्टोअरमधले लिननचे पॅक कसे राहतील. पॅक ऑटोक्लेव्हमधून ओला बाहेर आला, किंवा गरम गरम काढून थंड कपाटात रचला आणि आतून घाम फुटला, की तो गेला, ओल्या कापडातून जंतू सहज आत जातात, परत धुवा, परत बांधा, परत लावा. पावसाळ्यात मी रोज सकाळी स्टोअरमध्ये जाऊन पॅक हातात घेऊन बघते, नुसतं कोपऱ्याला बोट लावलं तरी कळतं. चवथीच्या आधी लोकांना ऑपरेशन उरकून घरी जायचं असतं, लिस्ट भरलेली, पॅक कमी, आणि तेव्हा कोणीतरी हळूच म्हणतं, "थोडाच दमट आहे सिस्टर, चालेल." नाही चालत.

आता घरी आल्यावरचं. पाणी लागलं की टाके पिकतात म्हणून लोक दहा दिवस आंघोळ करत नाहीत, मे महिन्यात, गोव्यात, घामानं निथळत. सर्जननं वेगळं काही सांगितलं नसेल तर ४८ तासांनंतर अंगावर पाणी घेता येतं, चोळायचं नाही, स्वच्छ पंचानं हलकं टिपायचं, तळीत किंवा समुद्रात डुंबायचं मात्र नाही. मासे बंद करू नका. सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाल्ली की टाके पिकतात हे माझ्या सासूबाईसुद्धा शपथेवर सांगतात, पण जखम भरायला प्रोटीन लागतं आणि आपल्याकडचं ते सगळ्यात सोपं प्रोटीन आहे, नुसत्या पेजेवर पंधरा दिवस काढले तर जखम कशानं भरणार. ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. हळद, खोबरेल, अंगारा, मेडिकलवाल्यानं दिलेली पावडर, काहीही जखमेवर नको. आणि बघायला आलेल्यांना ड्रेसिंग उचलून दाखवू नका, हे हसण्यावारी नेऊ नका, मी दाखवताना पाहिलंय, चहाचा कप बाजूला ठेवून.

दुखणं पहिले दोनतीन दिवस असतंच आणि रोज थोडं कमी होत जातं. कमी होऊन परत वाढायला लागलं, लाली पसरत चालली, हात लावला तर गरम, पू किंवा वास येणारं पाणी, ताप, टाक्यांची फट उघडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मोबाईलवर रोज एकाच उजेडात फोटो काढून ठेवला तर आम्हाला फार उपयोग होतो. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिन्यानं भोकापाशी गाठ आली तर गोळ्या घेत बसू नका, कल्चर पाठवताना मायकोबॅक्टेरियासाठी वेगळं पाठवायला डॉक्टरांना सांगा. उपचार गावातल्या डॉक्टरांकडे घेतलेत तरी हरकत नाही, पण जिथे ऑपरेशन झालं तिथे एक फोन नक्की करा, डिस्चार्ज कार्डावर नंबर असतो, फाइल नंबर सांगून इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना द्या म्हणावं. सरांना वाईट वाटेल म्हणून लपवू नका. वाटू दे की.